सुमित्राबाईंचं चीज आणि माझा खवा

भेसळ करणारे मी उभ्या आयुष्यात पुष्कळ पकडले. पण भरल्या दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत, चोख खव्यात भेसळ सापडवून दाखवण्याचा मान मला एकदाच मिळाला. खवा माझाच होता. सापडवणारीही मीच. आणि दुकान दुसऱ्या बाईचं होतं, तिला उघडं पाडायचं म्हणून मी तिथं नटूनथटून गेले होते.

नातवंडांना ही हकिगत मी आजवर तीनदा सांगितली, तिन्ही वेळा थोडीथोडी खोटी. इथं छापून येणार आहे म्हणून खरी लिहिते. छापलेलं मागाहून फिरवता येत नाही, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खोटं लक्षात ठेवणं मोठं जिकिरीचं काम आहे.

जालन्याच्या बाजारात आमचं खव्याचं दुकान होतं. पुढं फळी आणि तराजू, मागं भट्टी. आमचे हे पहाटे सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून राजूर रस्त्याच्या खेड्यांवरून म्हशीचं दूध आणायचे. भट्टीवर मी. आणि पुढं, फळीशेजारच्या खुर्चीत, सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या दूध आणत नव्हत्या, खवा आटवत नव्हत्या, वजनही करत नव्हत्या. त्या फक्त चाखायच्या. पण दुकान त्यांचं होतं, हे खुर्चीकडं बघून कुणालाही कळायचं.

खवा म्हणजे दूध आटवणं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसं मग लिहिणं म्हणजे कागद काळा करणं. पसरट लोखंडी कढई, खाली कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ. दूध उकळलं की उलथनं हातात घ्यायचं ते खवा उतरेपर्यंत खाली ठेवायचं नाही. नाक खाजलं तरी नाही, दारात माहेरचं माणूस आलं तरी नाही. आधी जाळ मोठा. दूध रबडीवर आलं की कमी. कडेनं तूप दिसायला लागलं की पऱ्हाट्या ओढून घ्यायच्या आणि नुसत्या निखाऱ्यावर हात चालू ठेवायचा. पेढ्याला घट्ट खवा लागतो, गुलाबजामला मऊ, ओलसर. एकाचा दुसऱ्याला गेला की ऐन मांडवात गुलाबजाम तुपात फुटतात आणि वरबापाच्या शिव्या हलवायाला सोडून आपल्याला पडतात. मला एकदा पडल्या आहेत. शिव्या देणारा मंठ्याचा होता आणि त्याचा आवाज चांगला होता, एवढंच आठवतं.

उतरलेला खवा बांधायचा तो जुन्या धोतराच्या मऊ कापडात, तेही उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या. नवं कापड खव्याला लावायचं नाही, हा आत्याबाईंचा नियम. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सासूच्या नियमाला कारणही असू शकतं, हे मला तेव्हा मान्य नव्हतं.

खवा बांधण्याआधी चिमूटभर आत्याबाईंपुढं जायचा. त्या तो डाव्या तळहातावर अंगठ्यानं चोळायच्या. तूप किती सुटतं ते बघायच्या, वास घ्यायच्या, मग जिभेवर ठेवून रस्त्याकडं बघत बसायच्या. आणि म्हणायच्या, "बरा हाय." आठ वर्षं मी हे दोन शब्द ऐकले. एकदा असा खवा उतरला होता की राजूरचा पेढेवाला, ज्याला आपल्या बायकोच्या हातचं पाणीसुद्धा फिकं लागायचं, तो चव घेऊन डोळे मिटून उभा राहिला. मी धावत आत्याबाईंकडं चिमूट नेली. त्यांनी चोळली, हुंगली, रस्त्याकडं बघितलं. "बरा हाय."

भेसळीचं सांगते, कारण पुढं ते लागणार आहे. अंगारकी आली की राजूरच्या गणपतीला माणूस असं लोटायचं की पेढेवाल्यांना खवा पुरायचा नाही. आमच्या भट्टीचा कमी पडायचा. मग मंठा, वाटूर इकडून आलेला खवा विकत घ्यावा लागायचा, आणि तो तपासून घ्यावा लागायचा. त्यासाठी कंपाउंडरकडून आणलेली टिंचर आयोडीनची बाटली फळीखाली असे. खव्यात पीठ, साबुदाणा, कंदमूळ काही कालवलेलं असलं की थेंब निळाकाळा पडतो. नुसतं दूध असलं तर तपकिरीच राहतो. शाई पडल्यासारखं दिसतं, आंधळ्यालाही कळावं असं.

वाटूरचा एक जण उकडलेलं रताळं घालून खवा आणायचा. थेंब टाकला, निळा झाला. त्याला काहीच वाटलं नाही.

"ताई, रताळं उपासाला चालतंय का न्हाई?"

मी म्हटलं, चालतं.

"मंग देवाच्या पेढ्यात का चालंना?"

आत्याबाईंनी उत्तर दिलं, पण ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

तर असं आमचं चाललं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, दूध नुकतं कुठं पहिल्यासारखं मिळायला लागलं होतं, आणि खवा म्हटलं की जालन्यात आमचं नाव निघत होतं. त्याच साली स्टेशन रोडला सुमित्राबाई साळवे यांनी दुकान काढलं.

पहिल्यांदा बातमी आणली ती आमच्या ह्यांनी. म्हणाले, एक बाई गाईचं दूध घेऊन राहिली, जितकं मिळेल तितकं. मला हसू आलं. गाईच्या दुधाला खवा बसत नाही, पिवळा पडतो, उतारा कमी. कुणीतरी खुळी बाई आहे म्हटलं. पुढच्या आठवड्यात कळलं की ती चीज करते. चीज हा शब्द मी ऐकला होता, डब्यातलं असतं म्हणून. ते कुणी जालन्यात, त्या उन्हाळ्यात, हातानं करू शकतं, हे मला पटेना. पण ती करत होती. मिशनच्या दवाखान्यात एका परदेशी नर्सबाईच्या घरी तिनं काही वर्षं स्वयंपाक केला होता, तिथं शिकली. दूध घट्ट बसवायला अत्ताराकडच्या सुक्या पनीर-डोड्या भिजवून त्यांचं पाणी घालायची. मग दाबून, मीठ लावून, मेणात बुडवून ते गोळे तळघरात ओल्या गोणपाटाखाली दोन-दोन महिने ठेवायची. शिवाय मोसंबीच्या सालींचा कडूगोड मुरंबा, पेरूची जेली, टोमॅटोचा सॉस, घरचं मीठ घातलेलं लोणी. गिऱ्हाईक म्हणजे मिशनचे डॉक्टर, नर्सबाया, रेल्वेचे साहेब, बियाण्यांच्या कंपन्यांत नव्यानं आलेले सुटाबुटातले लोक.

आता नीट बघा. माझं दूध म्हशीचं, तिचं गाईचं. माझं गिऱ्हाईक पेढेवाले आणि लग्नघरं, तिचं साहेबलोक. तिनं माझ्या ताटातला एक घास उचलला नव्हता. तरी मला रात्रंदिवस तीच दिसायची. कोण म्हणायचं तिच्याकडं फ्रीज आहे. माझ्याकडं ओलं फडकं होतं. कोण म्हणायचं बरण्यांवर चिठ्ठ्या लावते, स्वतः लिहिते, अक्षर मोत्यासारखं. माझं अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नव्हतं. कोण म्हणायचं दुकानात पांढरा एप्रन घालते. मी आरशात बघितलं. माझ्या पदराला सतत भट्टीची राख असायची आणि डाव्या भुवईचे केस जाळानं अर्धे गेले होते.

आणि एक गोष्ट. सुमित्राबाई बौद्ध. सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, नवरा रेल्वेत. बाजारात दुधाची वस्तू कुठल्या घरची, हे लोक आधी विचारतात. फळीशी उभं राहून लोक म्हणायचे, साहेबलोकांना काय, त्यांना चालतं. आपण न्हाई बा घ्यायचं. दूध कशानं फाडते कोण जाणे, काय काय कालवते कोण जाणे. तिच्या दुकानाची पायरीही न चढलेली माणसं हे सांगायची. मी त्यात शब्द घालत नव्हते. पण त्यांना थांबवतही नव्हते, आणि ते बोलत असताना वजन करायला जरा जास्तच वेळ लावायची. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं असं लिहिलं तर ही हकिगत चौथ्यांदा खोटी होईल.

खरा घाव मात्र घरातच बसला. आमच्या गिऱ्हाइकांत एक डॉक्टरीणबाई होत्या. सण असो, बारसं असो, खवा आमच्याकडचाच. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि सगळ्या वऱ्हाडाच्या गुलाबजामचा खवा आमच्याकडं सांगायचा असं बोलणं झालं होतं. आमच्या दुकानाला तेवढं मोठं काम तोवर आलं नव्हतं. त्या एक दिवस आल्या आणि कागदात गुंडाळलेला पिवळसर तुकडा आत्याबाईंच्या हातावर ठेवला. तुम्ही जाणकार आहात, एका बाईनं हातानं केलेलं चीज आहे, जरा बघा, म्हणाल्या.

आत्याबाईंनी सवयीनं अंगठ्यानं चोळला. हुंगला. जिभेवर ठेवला आणि रस्त्याकडं बघू लागल्या. मी भट्टीवरून मान लांब करून त्या दोन शब्दांची वाट बघत होते. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, एक टांगा गेला. आत्याबाई म्हणाल्या, "हात हाय बाईला."

उलथनं माझ्या हातात होतं तसंच थांबलं. कढईला खवा लागला. लागल्याचा वास आला तेव्हा आत्याबाईंनीच मला हाक मारली.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी काय केलं ते लिहिताना आजही मान खाली जाते. मी बाहेर आले आणि आत्याबाईंना सांगितलं की ते कुणाच्या हातचं आहे, ती बाई कोण, कुठल्या घरची. मला वाटलं त्या तोंड धुवायला पाणी मागतील. त्या जुन्या काळच्या बाई, सोवळंओवळं सगळं मानणाऱ्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मंग? अजून एक तुकडा असंल तर दे."

त्या दिवशी मी ठरवलं की त्या दुकानात जायचं.

डॉक्टरीणबाई शनिवारी सकाळी तिथं जातात हे मला माहीत होतं. तोच वार निवडला. पहिल्यांदा कुणाकडं जाताना रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून किलोभर खवा न्यायचा ठरवला. त्यातही मेख होती. तिनं माझा खवा चाखावा आणि जळावं. तो खवा उतरवताना मी जेवढा जीव ओतला तेवढा माझ्या लेकरांच्या आजारपणातच ओतला असेल. पण बांधायचा कशात? जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला गोळा त्या काचेच्या कपाटापुढं कसा दिसेल, हे डोळ्यांपुढं आलं आणि मला लाज वाटली. मी नवं कोरं पांढरं कापड फाडलं. साबुदाण्याची दाट कांजी करून त्याला दिली, वाळवलं, पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. कागदासारखं करकरीत झालं. घड्या तर अशा पडल्या की बोट कापावं. त्यात गरम खवा बांधला आणि वर गाठीचं फूल केलं.

आणि फळीखालची बाटली बटव्यात टाकली. बटव्यात ती सवयीनं राहून गेली होती, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. राहून गेली नव्हती.

दुकान लहान होतं, आमच्याहून लहान. पण पाय ठेवला आणि गारवा लागला. जमीन ओली पुसलेली. वास मोसंबीचा आणि ताकाचा, आणि त्याच्या खाली आणखी एक वास, पावसाळ्यात बळदातल्या जुन्या ज्वारीला येतो तसा. काचेच्या कपाटात लाल मेणाचे गोळे ओळीनं मांडलेले. डॉक्टरीणबाई होत्याच. मिशनच्या दोन नर्सबाया होत्या, आणि रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले एक बाबू लोण्यासाठी थांबले होते. सुमित्राबाई माझ्याच वयाच्या. सावळ्या, उंच, चष्म्यातून सरळ बघणाऱ्या. नखं अशी स्वच्छ की मी माझे हात पदरात घेतले.

त्यांनी मला ओळखलं. "या ताई, बसा," म्हणाल्या, आणि स्टूल पुसून पुढं केलं. मी बसले नाही. बसलं की माणूस पाहुणा होतो.

त्यांनी गोळ्याचा काप काढला. सुरीनं नाही, दोन लाकडी मुठींमध्ये ताणलेली बारीक तार होती, ती गोळ्यातून अलगद ओढली. काप असा निघाला की एक कण सांडला नाही. मला ती तार हवीशी वाटली. नुसती तार. त्यांनी तुकडा कागदावर ठेवून माझ्यापुढं केला. आधी तुपाच्या बेरीसारखं लागलं, मग आंबूस, आणि गिळल्यावर मागून बारीकसा कडवटपणा आला, मोसंबीच्या बीचा असतो तसा. मी दोष शोधत होते. खारट? नाही. आंबलेलं? आंबलेलं होतं, पण हिशेबानं. शेवटी मला कळलं की मला ते आवडलं, आणि त्याच्याएवढं वाईट त्या सकाळी दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. आता नात सुपरमार्केटातून चीजचे चौकोन आणते, मला चाखायला देते. मी रस्त्याकडं बघते आणि म्हणते, बरं हाय.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लीलाताई, मुलीच्या सासरची माणसं मुंबईची आहेत, त्यांच्यासाठी लग्नात सुमित्राबाईंचं काहीतरी ठेवावं म्हणते. गुलाबजामबद्दल त्या काही बोलल्याच नाहीत. पण मला वाटलं आता आपले गुलाबजाम गेले. सासू गेली, गुलाबजामही गेले. माझा हात बटव्यात गेला.

मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जावं असं, की आमच्याकडं तर, बाई, माल गिऱ्हाइकासमोर तपासून देतात. इथं कशी रीत आहे? आणि उत्तराची वाट न बघता कागदावर उरलेल्या पिवळ्या तुकड्यावर थेंब टाकला.

नर्सबायांना बाटली ओळखू आली, त्या एकमेकींकडं बघू लागल्या. सगळ्यांचे डोळे त्या थेंबावर. सुमित्राबाईंचेही. त्यांनी हातातली तार हळूच खाली ठेवली. माझ्या मनात मी बाजारात पोचले होते, फळीशी उभी होते, सांगत होते.

थेंब तपकिरी राहिला. अर्धा मिनिट, एक मिनिट. तपकिरी.

बाबू हसले आणि गंमत म्हणून म्हणाले, मग आता तुमच्या गाठोड्यालाही लावा की ताई. बराबरीचा सामना होऊ द्या. मी तर त्याचीच वाट बघत होते. निदान तिथं तरी मान वर होईल. मी फूल सोडलं, करकरीत कापड चहूकडं पसरलं, आणि पांढऱ्याशुभ्र गोळ्यावर मोठ्या ऐटीत थेंब सोडला.

निळा झाला. नुसता निळा नाही, दौतीतली शाई सांडावी तसा काळानिळा, आणि कडेकडेनं पसरत गेला.

मी दुसरा टाकला. तोही. तिसरा टाकला. वाटूरच्या माणसाला मी हेच दाखवून दुकानातून हाकललं होतं. डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग नव्हता. इतकी वर्षं लेकराबाळांना काय खाऊ घातलं, हे त्या मनात मोजत होत्या. बाबूंचं हसू गेलं होतं. आणि बाबू दुपारपर्यंत ही गोष्ट बाजारात नेणार हे मला स्वच्छ दिसत होतं. त्या एका क्षणात मला गवळी चोर वाटला, आमचे हे चोर वाटले, आत्याबाईसुद्धा वाटल्या. फक्त कापड वाटलं नाही.

सुमित्राबाईंनी काही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं होतं. मी तिच्या जागी असते तर गप्प राहिले असते, आणि वरून हळहळलेही असते.

त्यांनी तार उचलली, माझ्या गोळ्याच्या बरोबर मधून ओढली आणि दोन फाका उघडल्या. मग माझ्या हातातली बाटली घेतली. आतल्या अंगावर थेंब टाकला. तपकिरी. दुसऱ्या फाकेवर टाकला. तपकिरी. मग कापडाचा एक कोरा कोपरा दोन बोटांत धरून चुरगळला आणि त्यावर थेंब टाकला. कोपरा निळाशार.

"कापडाला कांजी हाय," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "खवा बिलकुल चोख हाय, बाई. वरवर लागलंय. मी आधी तीन वर्षं दवाखान्याच्या धोबीखान्यात व्हते, नर्सबाईंच्या टोप्यांला कांजी करायला. बोटाला कळती."

दोन्ही नर्सबाया हसल्या. डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला. बाबू परत म्हणाले, घ्या, कापडच खोटं निघालं. सुमित्राबाईंनी आतल्या बाजूची चिमूट घेतली, तळहातावर चोळली, तोंडात टाकली. कशी लागली ते सांगितलं नाही. उरलेल्या खव्याची वरची साल तारेनं काढून टाकली आणि गोळा लोणी बांधायच्या स्वच्छ कागदात बांधून मला परत दिला.

इथं मी आभार मानायला हवे होते. मी म्हटलं, आमच्या मोलकरणीला कितीदा सांगितलं कांजी करू नको म्हणून. आमच्याकडं मोलकरीण नव्हती.

घरी येताना वाटेत मी रडले, पण पश्चात्तापानं रडले असं समजू नका. तिला फ्रीज होता, अक्षर होतं, चष्मा होता, तार होती, आत्याबाईंची शाबासकी होती. आता तिचं मनही मोठं निघालं. एका बाईला एवढं सगळं द्यायची देवाला काय घाई झाली होती, म्हणून रडले.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाई लग्नाचा खवा सांगायला आल्या. गुलाबजाम कुठं गेलेच नव्हते. हसत हसत त्यांनी सगळी हकिगत आत्याबाईंच्या कानावर घातली, मोलकरणीसकट. त्या गेल्यावर आत्याबाईंनी मला भट्टीवरून बोलावलं. मला वाटलं नव्या कापडावरून ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी खुर्चीतून रस्त्याकडं बघत विचारलं, "निळा तिचा झाला असता, मंग?"

मला उत्तर येत होतं. आमच्या फळीशी उभं राहून बोलणारे सगळे लोक एकेक करून डोळ्यांपुढून गेले, आणि मी त्यांना काय सांगितलं असतं तेही शब्दाशब्दानं आठवत होतं, कारण त्या दिवशी मनात ते सगळं बोलून झालं होतं.

"जाऊन ये," आत्याबाई म्हणाल्या. एवढंच.

जायला मला आठ दिवस लागले. तोंडानं माफी मागणं हे काम मला शिकवलेलं नव्हतं. भट्टीवर उलथनं फिरवत मी वाक्यं जुळवायची आणि खवा उतरेपर्यंत मोडायची. शेवटी एका दुपारी, दुकानात गर्दी नसेल अशी वेळ साधून गेले. हातात खवा होता, धोतराच्या मऊ फडक्यात.

सुमित्राबाई एकट्याच होत्या. पाटावर बसून मोसंबीच्या सालींच्या बारीक सळ्या कापत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, दुसरा पाट मात्र सरकवला. या वेळी मी बसले. जुळवलेली वाक्यं सगळी गेली. मी म्हटलं, तुमच्या मालावर मला संशय नव्हता, सुमित्राबाई. आमच्या सासूबाईंनी तुमचं चीज वाखाणलं, त्यानं माझ्या पोटात आग पडली. म्हणून आले होते. मोलकरणीचंही खोटं सांगितलं. माझं चुकलं.

त्यांची सुरी थांबली नाही. हातातली साल संपवली, पुढची घेतली. मग कोपऱ्यातली दुसरी सुरी मुठीकडून माझ्यापुढं केली आणि सालींचा परातीतला अर्धा ढीग माझ्याकडं लोटला. मीही कापायला लागले. माझ्या सळ्या जाड होत होत्या, त्यांच्या दोऱ्यासारख्या, आणि त्याचंही मला वाईट वाटत होतं. मग मान वर न करता त्या बोलल्या.

"लीलाताई, तुम्ही निदान बाटली घेऊन आल्ता. बाकीचे तर बाटली न आणताच भेसळ हाय म्हणून सांगून राह्यले."